तेरा नंबरचा पाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पुन्हा किंचाळली. रिव्हर्स टाकताना. तेही बांधकामावर, सगळ्या गवंड्यांसमोर. एकाने तर डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. जणू मीच ओरडले.

क्लच पुरता दाबलेला होता. पस्तीस वर्षं गाडी चालवतेय, पाय तळाला टेकवूनच दाबते. तरी खर्रकन दातावर दात! मागे काचा उभ्या, शेजारी आमचे हे. ह्यांनी मागे वळून काचा बघितल्या आणि मग खिडकीबाहेर बघितलं. बोलणार तरी काय, गाडीतलं ओ की ठो कळत नाही. आमची वाटणी लग्नापासूनची — काच कापायची आणि बसवायची ह्यांनी, वाहून न्यायची मी. बायको गाडी हाकते आणि नवरा शेजारी मांडीवर डबा घेऊन बसतो, म्हणून लोक अजून हसतात. हसू देत. डबा छान असतो आणि काच फुटत नाही.

घरी आल्यावर बाबांनी शिकवलेली पहिली तपासणी केली. इंजिन बंद करून एकेक गिअर टाकला. पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे लोण्यात सुरी गेल्यासारखे. म्हणजे गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. इंजिन चालू असतानाच अडतंय, म्हणजे क्लच पुरता सुटत नाही. दुखणं तिथे आहे.

वाचनालयाच्या नव्या इमारतीच्या शहाण्णव काचा महिनाअखेर पोचवायच्यात. एका खेपेला बारा, एकूण आठ खेपा. आजची तिसरी. ठेकेदाराने आधीच ऐकवून ठेवलंय, "बाई, गाडी म्हातारी झालीय. काचा फुटायला लागल्या तर काम दुसऱ्याला देईन."

बाबांची पिकअप आहे. सत्तावीस वर्षांची. म्हातारी कसली!

४ फेब्रुवारी, बुधवार

मिस्त्रीकडे नेली. ही गाडी नवी आली तेव्हापासून तिच्या पोटात हात घातलाय तो फक्त त्यानेच. हे उजेडाला बॅटरी धरून उभे राहिले, नेहमीसारखे. तेवढं एक काम गॅरेजमध्ये ह्यांच्याकडे असतं.

मिस्त्रीने पॅडल बोटाने दाबून बघितलं. "दोन बोटं प्ले आहे ताई. बरोबर आहे." प्ले म्हणजे पॅडलची सुरुवातीची मोकळी चाल — तेवढी ढिलाई असलीच पाहिजे, मग खरा क्लच लागतो. मग तो स्वतः चालवायला बसला, मी शेजारी. गल्लीला वळसा घातला. पाच वेळा रिव्हर्स टाकला. हूं की चूं नाही.

"गाडीला काही झालेलं नाही ताई."

"मग माझ्या हातात का ओरडते?"

"जुनी गाडी आहे. मूड असतो."

मूड! त्याच्याशी लाडात आणि माझ्याशी वाकड्यात. घरचं खाऊन दुसऱ्याच्या दारात शेपूट हलवणारी. मी हट्टाने क्लचची वायर बदलायला लावली. जुन्या वायरीच्या दोन तारा तुटलेल्या निघाल्या. म्हटलं, बघ! त्याने मान डोलावली, पण पटल्यासारखी नाही.

परत येताना बाबांची काडेपेटी आठवली. एकोणिसाव्या वर्षी मी शिकले ती काडेपेटीवर. बाबा क्लचच्या पॅडलखाली रिकामी काडेपेटी चिकटवायचे आणि संध्याकाळी काढून बघायचे. चपटी झाली असेल तर पाय पुरता दाबला. नसेल तर, "तुझ्यापेक्षा बैलाला शिकवणं सोपं." लग्नानंतर ह्यांना शिकवायला घेतलं तेव्हा मीही तीच युक्ती केली. आठ दिवस काडेपेटी शाबूत! नवव्या दिवशी मी तिच्यात काड्या भरून ह्यांच्या हातात दिली, म्हटलं, निदान गॅस पेटवायला उपयोगी पडेल. मी पोट दुखेपर्यंत हसले होते. त्यानंतर ह्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आज गाडीत पुन्हा आठवण काढली तर म्हणाले, "पुरे झालं आता ते."

५ फेब्रुवारी, गुरुवार

नवी वायर, जुनं रडगाणं. तीनदा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

संध्याकाळी ह्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "अगं थांब, हलू नकोस." मला वाटलं पाल. बघते तर ओट्यापासून दारापर्यंत फरशीवर लाल ठिपके. माझ्या डाव्या तळव्यात काचेचा तुकडा, चांगला नखाएवढा. खाली बसून चिमट्याने काढला त्यांनी.

"कधीपासून आहे हा?" मला काय माहीत. "दुखलं नाही?" नाही दुखलं. तीस वर्षं काचेच्या घरात राहतेय, तळपाय गेंड्याचे झाले असतील. मी हसले, ते नाही हसले. पाय हातातून सोडेनात. शेवटी म्हटलं, सोडा, भाजी करपतेय.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज एकदाही ओरडली नाही. एकदाही!

रिव्हर्स, पहिला, सगळं गुपचूप. पॅडल वरच्यावरच लागतंय, पाय ठेवायचा अवकाश. काल रडत होती ती हीच का, असं वाटावं. बाबा म्हणायचे, बिघाड आपोआप जात नाही, लपून बसतो. पण मला आज बाबांचं ऐकायचं नाही. वायर जागेवर बसली असेल.

आज ह्यांचीही स्वारी माझ्याआधी उठून अंघोळ उरकून बसलेली. कधी नव्हे ते. चहासुद्धा केलेला. सुख म्हणजे काय वेगळं असतं?

९ फेब्रुवारी, सोमवार

सुख दोन दिवस टिकलं.

चौथी खेप. पुलाच्या चढावर इंजिन गर्जतंय आणि गाडी तिथल्या तिथे. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, वेग नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. मग तो वास — जळक्या क्लचचा. एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. ह्यांनी खिडकीची काच खाली केली आणि घाम पुसला. थंडीत.

वर पोचल्यावर सपाटीला थांबवून दुसरी तपासणी केली. हँडब्रेक ओढला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडला. धडधाकट क्लच असेल तर इंजिन तिथेच बंद पडायला हवं. नाही पडलं. गुरगुरत राहिलं. म्हणजे क्लच घसरतोय.

आता गंमत बघा. गेल्या आठवड्यात क्लच सुटत नव्हता, या आठवड्यात धरत नाही. एकाच माणसाला एकाच वेळी जुलाब आणि बद्धकोष्ठ! असं होत नाही. कुणी काही केल्याशिवाय होत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीने पॅडलला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, प्ले कुठे गेला?"

ढिलाई शून्य. वायर इतकी ताणलेली की पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेलाच. घसरणार नाही तर काय. मी म्हटलं, नवी वायर आहे, ताणली असेल. तो म्हणाला, "वायर ताणून लांब झाली तर प्ले वाढतो. क्लचची प्लेट झिजली तर कमी होतो, पण त्याला महिने लागतात. सहा दिवसांत संपत नाही." मग गाडीखाली गेला. वायरीच्या टोकाला नट असतो, तो फिरवून हा प्ले कमी-जास्त करतात. नटावर ताजे ओरखडे. कडा चमकतायत.

"कुणीतरी पाना लावलाय ताई. दोन आटे आवळलाय. मी नाही."

"असाच ठेवला तर?"

"प्लेट जळून जाईल. महिनाभरसुद्धा काढणार नाही."

हे बॅटरी धरून उभे होते. प्रकाश हलला तसा मिस्त्री ओरडला, "साहेब, इकडे धरा!"

आधी मला मिस्त्रीचाच संशय आला. आपणच बिघडवायचं आणि आपणच दुरुस्त करायचं, असे असतात लोक. पण सत्तावीस वर्षं? तोंड कडू झालं नुसतं. त्याने नट जागेवर आणला, प्ले पुन्हा दोन बोटं केला. रस्त्यात ह्यांना विचारलं, "कोण असेल हो?" म्हणाले, "कोण असणार."

११ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा किंचाळली. पाचवी खेप. पहिला टाकताना असा हिसका बसला की मागे कट्कन आवाज — दोन काचा. ठेकेदाराने वहीत नुसती खूण केली. बोलला असता तर बरं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मी गाडीखाली पाठीवर पडून नटाला नेलपॉलिश लावलं. लेकीची जुनी बाटली, लालभडक, लग्नानंतर इथेच राहिलेली. नटावरून शेजारच्या पत्र्यापर्यंत एक बारीक रेघ. नट केसभर हलला तर रेघ तुटणार. चोपन्नाव्या वर्षी गाडीला नटवणारी मीच असेन. बाहेर येताना चप्पल खालीच राहिली, अंगण ओलांडून पायरीपर्यंत आले तरी लक्षात नाही. डोकं ठिकाणावर असेल तर ना.

कुणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही. आतापर्यंत असं काही केलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रेघ तुटली आहे.

नटावरचा तुकडा एकीकडे, पत्र्यावरचा दुसरीकडे. गाडी रात्रभर आमच्याच कुंपणात, फाटकाला आमचंच कुलूप. किल्ल्या दोन. एक माझ्याकडे.

लिहायला हात धजत नाही. लिहिलं की खरं होईल.

सकाळी मी अंघोळीला गेले तेव्हा रेघ धड होती, मी बघून गेले होते. बाहेर आले तेव्हा हे नळावर हात धूत होते. साबण लावून, बराच वेळ. मग आत येऊन माझ्यासमोर चहा प्यायले. बिस्किट बुडवून. बिस्किट तुटून कपात पडलं तर रोजच्यासारखे चमच्याने काढून खाल्लं. मी बघत बसले. हा माणूस मी ओळखते का?

१५ फेब्रुवारी, रविवार

सापडला. तेरा नंबरचा पाना.

ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत, हिऱ्याच्या कटरखाली, काच पुसायच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला. नवा. तोंडाला ग्रीस. ज्या माणसाला पाना आणि उलथनं यातला फरक कळत नाही असं मी चारचौघांत सांगत आले, त्याने दुकानात जाऊन नेमका तेरा नंबरचा पाना आणला.

तो हातात घेऊन बसले होते तेवढ्यात लेकीचा फोन. ती इथून चार तासांवर राहते. इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, "आई, गिअर अजून त्रास देतोय का गं?" मी तिला गिअरचं एक अक्षर बोलले नव्हते. मग म्हणाली, "तू एकदा इकडे येऊन सगळ्या तपासण्या का करून घेत नाहीस? खालची खोली रिकामीच आहे." खालची खोली! दोन वर्षं झाली, त्या खोलीचं तुणतुणं चालू आहे. दोघं या, राहा, किती दिवस ओझी वाहणार. ह्यांना जायचंच आहे, ते मला माहीत आहे. मी म्हणत आले, गाडी चालतेय तोवर मी हलणार नाही.

गाडी चालतेय तोवर.

आता कळलं. बायकोला नाही हलवता येत, मग गाडीलाच मारा. हळूहळू, कुणाला न कळता. आणि लेक सामील. मिस्त्री सांगत होता प्लेट जळून जाईल म्हणून, तेव्हा हे बॅटरी धरून ऐकत होते. ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी परत आवळला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या आणि जेवले असते. आज ताट तसंच सारून उठले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

विचारलं. जेवताना पाना ताटाशेजारी ठेवला.

"हा तुमचा?"

"हो."

एवढ्या लवकर 'हो' येईल असं वाटलं नव्हतं. खोटं बोलले असते तर भांडायला तरी जोर आला असता.

"गाडीखाली तुम्ही जाता?"

"हो."

"कशाला?"

"ती ओरडू नये म्हणून."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"इतकी वर्षं बॅटरी धरतोय. एवढं कळतं."

"आणि प्लेट जळते, ते?"

"ते त्या दिवशी मिस्त्री बोलला तेव्हा कळलं. म्हणून या वेळी दोन नाही आवळले. एकच आटा फिरवला."

एकच आटा! विष घातलं, पण चमचाभरच. माझा तोल गेला. म्हटलं, माझी गाडी जाळून मला लेकीच्या खोलीत नेऊन बसवायचं ठरवलंत ना? मग सरळ बोला, चोरासारखे गाडीखाली कशाला शिरता? तुम्हाला स्वतःला कधी जमली नाही म्हणून माझीही बंद पाडायची? शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण बोलले, आणि तेव्हा बरंही वाटलं.

ह्यांनी तोंड उघडलं. "तुझा..." एवढंच म्हणाले.

"माझा काय?"

माझ्याकडे बघितलं. मग ताटाकडे. "काही नाही. भात घे."

भात घे! तीस वर्षांच्या संसाराचं उत्तर, भात घे. मी ह्यांच्याकडची फाटकाच्या आणि गाडीच्या किल्ल्यांची जुडगी मागितली. काढून दिली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मिस्त्रीने गिअरबॉक्स खाली उतरवला. प्लेट कोळशासारखी काळी, रिव्हेट वर आलेले. बेअरिंग हाताने फिरवलं तर खरखर. "एवढ्यात एवढं कसं झालं," म्हणत राहिला. कोणी केलं ते सांगितलं नाही त्याला. घरची लाज. बॅटरी आज एका खिळ्याला टांगली होती.

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवं घातलं. प्ले दोन बोटं. मी नटावर पुन्हा लाल रेघ मारली, मिस्त्रीसमोरच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

घरात अबोला. चहाचा कप आणून ठेवतात आणि दुसऱ्या खोलीत जातात. मी गार करून पिते.

सहावी खेप एकटीने केली. काचा उतरवायला बांधकामावरची माणसं होती. शेजारची सीट रिकामी. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की डबा आणलेला नाही. डबा कधी मी घेत नाही ना, तो त्यांच्या मांडीवर असतो. उपाशी आले परत. राग उपाशीपोटी आणखी चढतो.

गिअरचं आज लिहीत नाही. नव्या क्लचला बसायला एक दिवस लागतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दिवस दिला. चारदा किंचाळली.

गाडीखाली शिरून बघितलं. लाल रेघ अखंड. किल्ल्यांच्या दोन्ही जुडग्या माझ्या उशीखाली. म्हणजे नटाला कुणी हात लावलेला नाही, सामान नवंकोरं, प्ले बरोबर. तरी क्लच सुटत नाही! मग राहिलं कोण? मिस्त्री. जुनंच सामान घासूनपुसून घातलं असेल. सगळेच फिरलेत. घरात नवरा, फोनवर लेक, गॅरेजमध्ये हा. ही गाडी तरी माझी आहे असं वाटायचं, आता तीही नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार



सातवी खेप. सिग्नलला उभी होते. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच पुरता दाबलेला. हिरवा होणार म्हणून ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, आणि गाडी आपली आपण पुढे सरकली. क्लच दाबलेला असताना! पुढे सायकलवर एक आजोबा. मागच्या चाकाला धक्का बसला आणि ते आडवे. मी करकचून ब्रेक मारला, मागे काचांचा आवाज.

कोपर सोलवटलं होतं. बाकी काही नाही. फूटपाथवर बसवून पाणी दिलं. घोट घेऊन म्हणाले, "बाई, डुलकी लागली होती का?" मी म्हटलं नाही आजोबा, क्लच खराब आहे. म्हणाले, "मग अशी गाडी रस्त्यावर आणू नये बाळा." बाळा. सायकलचं चाक वाकलं होतं ते सरळ करून दिलं, घरापर्यंत सोडलं.

तीन काचा गेल्या. ठेकेदार म्हणाला, शेवटची खेप दुसरी गाडी आणेल.

घरी आल्यावर ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उठून उभे राहिले. "काय झालं? कुणाला लागलं?" लगेच कुणाला लागलं, असं का विचारलं त्यांनी? मी दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लेकीचे तीन फोन. उचलले नाहीत.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये तमाशा केला. मीच. गिऱ्हाइकं बघत होती. म्हटलं, तुझ्या नव्या सामानाने परवा एक म्हातारा माणूस मेला असता. त्याने हात पुसले, गाडीत बसला, मला शेजारी बसवलं. रिव्हर्स — लोणी. पहिला — लोणी. पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून ब्रेक सोडला. गाडी जागच्या जागी. मुंगीएवढीसुद्धा सरकली नाही.

"ताई, तुम्ही एकदा पाय जरा पुरता..." म्हणाला आणि थांबला.

मला! माझं लायसन त्याच्या गॅरेजपेक्षा जुनं आहे. तिथून उठून गेले असते, पण मग डोक्यात आलं, याला पुराव्यानेच गप्प करते. दुकानातून काडेपेटी घेतली. काड्या स्वयंपाकघरातल्या डब्यात ओतल्या, रिकामी पेटी पॅडलच्या बरोबर खाली डिंकाने चिकटवली, बाबा चिकटवायचे तशी. उद्या दिवसभर चालवते. गावभर, रिकामीच, सावकाश. संध्याकाळी चपटी काडेपेटी नेऊन त्याच्या बाकावर आपटेन. मग घरी आणून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवेन, पाना ठेवला होता तिथेच. पाय पुरता दाबते मी. दोष कुणाचा ते मग सांगा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काडेपेटी शाबूत आहे. कोपरासुद्धा दबलेला नाही.

शंभरदा तरी दाबलं असेल पॅडल. दर वेळी वाटलं, टेकलं. शेवटी अंगणात गाडी लावून, खाली वाकून, डोळ्यांनी बघत दाबलं. पाय अर्ध्यातच थांबला होता. मी बघत नव्हते तेव्हा तो मला तळाला टेकल्यासारखाच वाटत होता.

प्ले काढला की क्लच अर्ध्या दाबातच सुटतो. पॅडल माझ्या पायापर्यंत आणून ठेवत होते ते.

सहा तारखेचं मी इथे पुरतं लिहिलं नव्हतं. पाय धरून त्यांनी एकेक बोट दाबून विचारलं होतं, "कळतंय? आणि इथे?" मला एकही बोट कळत नव्हतं, आणि मी म्हटलं होतं, भाजी करपतेय. भाजी अजून चिरायची होती.

आजोबांना गाडीने पाडलं नाही. मी पाडलं.

तोंडाने सांगायला हवं होतं त्यांनी. त्याचा राग आहे अजून.

ते आत भांडी लावतायत. त्यांची किल्ल्यांची जुडगी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत परत ठेवली, पान्याशेजारी. मग माझीही.